शिंग नेमके कुठले?

चिरंजीव बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. येत्या शनिवारी तुमच्या इथल्या संग्रहालयात कुटुंबांसाठी परीकथांची रात्र आहे, दालनांमध्ये ड्रॅगन, एकशिंगी घोडे आणि जलपऱ्या अवतरणार आहेत, मुलांनी आवडेल तो वेष करून यायचे आहे, आणि थोरल्याने आतापासूनच पाठीला पुठ्ठ्याचे पंख बांधून घरभर फिरायला सुरुवात केली आहे, हे वाचून मला हसू आले. पुढे तू विचारलेला प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलांनी खरे काय आहे ते पाहण्यासाठी ज्या जागी जायचे, त्याच जागी त्यांना खोटे प्राणी दाखवले तर त्यांच्या मनात दोन्हींची सरमिसळ होणार नाही का, असे तू विचारतोस. जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलेल्या आईकडून "नेऊ नकोस" असेच उत्तर येईल, अशी तुझी अटकळ असावी. मी नेमके उलट सांगणार आहे. जरूर ने. कसे न्यावे याविषयी मात्र मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण या बाबतीत मी एकदा चुकले आहे आणि ती चूक तुझ्याच वाट्याला आली होती.

तू तेव्हा सहा वर्षांचा असशील. अशाच एका संध्याकाळी मी तुला घेऊन गेले होते. सस्तन प्राण्यांच्या दालनात घोड्याचा एक सांगाडा होता आणि त्याच्या कपाळाला कोणीतरी चंदेरी कागद गुंडाळलेले पुठ्ठ्याचे शिंग बांधले होते. तू माझा हात सोडून धावलास, मान वर करून बराच वेळ पाहत राहिलास आणि मग विचारलेस, "आई, हा खरा आहे?" मी वर्गातल्या सवयीने तत्काळ सांगितले की सांगाडा घोड्याचा आहे, शिंग कागदाचे आहे आणि एकशिंगी घोडा या जगात कधी नव्हताच. तिन्ही विधाने बरोबर होती. त्यानंतर जवळजवळ तासभर तू एकही प्रश्न विचारला नाहीस. माझ्याबरोबर चाललास, दाखवले ते पाहिलेस, पण तुझे लक्ष उडाले होते, आणि ते माझ्यामुळे उडाले हे माझ्या ध्यानात यायला फार उशीर लागला.

तुझे तोंड पुन्हा उघडले ते सागरी प्राण्यांच्या दालनात. तिथे भिंतीवर एक लांबलचक, सरळ, मळसूत्रासारखा पीळ असलेला सुळा टांगलेला होता. तू त्याच्याकडे बोट दाखवून म्हणालास, "हे बघ, हेच ते शिंग." मी पुन्हा दुरुस्ती केली: हे शिंग नव्हे, नार्व्हाल नावाच्या समुद्रातल्या प्राण्याचा दात आहे. त्यावर तू जे विचारलेस ते मी आजवर विसरलेली नाही: "मग हा दात घोड्याच्या कपाळावर कोणी लावला?" इतकी वर्षे शिकवूनही माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. ते मी नंतर शोधले, आणि आता तुझ्या मुलांच्या निमित्ताने लिहिते आहे.

नार्व्हाल हा उत्तर ध्रुवाजवळच्या थंड समुद्रात राहणारा, देवमाशांच्या गणातला प्राणी. त्याच्या नराच्या वरच्या जबड्यातला डावा सुळा वरचा ओठ भेदून बाहेर येतो आणि वाढत वाढत तीन मीटरच्या आसपास पोहोचू शकतो. मध्ययुगात हे सुळे उत्तरेकडून व्यापाऱ्यांच्या हातून युरोपात येत, पण प्राणी काही त्यांच्याबरोबर येत नसे. तिकडच्या राजेरजवाड्यांनी नार्व्हाल कधी पाहिला नव्हता. एकशिंगी प्राण्याची वर्णने मात्र त्यांनी पुष्कळ वाचलेली होती, कारण इसवी सनापूर्वी सुमारे चारशे वर्षे क्तेसियस नावाच्या ग्रीक वैद्याने भारतात रानगाढवासारखा एका शिंगाचा प्राणी असतो आणि त्याच्या शिंगाच्या पेल्यातून प्यायल्यास विष बाधत नाही, असे लिहून ठेवले होते. क्तेसियस स्वतः भारतात कधी आला नव्हता. त्याच्या कानावर बहुधा गेंड्याची वर्णने आली असावीत. अशा रीतीने एकीकडे शिंग नसलेली गोष्ट तयार होती, दुसरीकडे गोष्ट नसलेले शिंग येऊन पडले, आणि दोन्हींची गाठ पडायला वेळ लागला नाही. तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की हा दात घोड्याच्या कपाळावर कोणा एका माणसाने लावलेला नाही. ज्यांना मधला प्राणी दिसला नाही, अशा पुष्कळ माणसांनी मिळून तो लावला.

ही गाठ सोडवणारा माणूस संग्रहालयवालाच होता, हे मला विशेष वाटते. ओले वर्म नावाचा डॅनिश वैद्य कोपनहेगनमध्ये शंख, हाडे, दगड, शस्त्रे, पेंढा भरलेले प्राणी असे काय काय जमवून ठेवत असे, आणि आजच्या संग्रहालयांच्या पूर्वजांमध्ये त्याच्या त्या खोल्यांची गणना होते. त्याने १६३८ मध्ये दाखवून दिले की एकशिंगीचे म्हणून विकले जाणारे शिंग हा नार्व्हालचा दात आहे. ते विषावर चालते का, हे पाहण्यासाठी त्याने प्राण्यांवर प्रयोगही केले. म्हणजे एक समजूत मोडताना दुसरी त्याला सुटली नव्हती. आणि त्याच्याच देशात, पुढे तेहतीस वर्षांनी, १६७१ मध्ये नव्या राजाचा अभिषेक ज्या सिंहासनावर झाला, त्याचे खांब नार्व्हालच्या सुळ्यांचे होते. ते सिंहासन आजही रोसेनबोर्ग किल्ल्यात आहे.

आता तुझ्या शंकेकडे वळते. तू खरे आणि खोटे असे दोनच कप्पे धरले आहेस, आणि त्या रात्री मीही तसेच केले होते. मुलांजवळ तिसरा कप्पा असतो आणि त्याला आपल्या भाषेत फार गोड नाव आहे: लुटुपुटीचे. छोटी बाहुलीला नसलेल्या पाण्याने आंघोळ घालते, पण आपले हात खरोखर ओले झाले की टॉवेल मागते. तिच्या मनात सरमिसळ होत असती तर तिने कोरडे हातही पुसले असते. घोड्याच्या सांगाड्याला बांधलेले कागदी शिंग हे लुटुपुटीचे होते. ते बांधणाऱ्याने कोणालाही फसवलेले नव्हते, आणि मी त्यावर "खोटे" असा शिक्का मारला, तेव्हा तुला वाटले असेल की तू फसलास. मुलाला वेडगळ ठरवणारी शहाणपणाची उत्तरे देण्यात शिक्षक मंडळी फार तरबेज असतात. मी त्यांच्यापैकीच एक होते, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार मला आहे.

खोटे कशाला म्हणायचे, हे दाखवायला संग्रहालयासारखी दुसरी जागा नाही. १८४२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फिनियस बार्नम नावाच्या खेळवाल्याने फिजी बेटांजवळची म्हणून एक "जलपरी" प्रदर्शनात मांडली. जाहिरातीत देखण्या स्त्रियांची चित्रे होती, आणि आत पाहावे तर वीतभर तोंड पसरलेले, सुकलेले, अक्राळविक्राळ असे काही, वरून माकडासारखे आणि खालून माशासारखे. असे नमुने जपानमध्ये कारागीर तयार करत, आणि पुढे काही संग्रहालयांनी आपल्याकडच्या अशा "जलपऱ्यां"ची क्ष-किरण तपासणी केली तेव्हा आत लाकूड, तार, कागदाचा लगदा आणि माशाची कातडी आढळली. काहींमध्ये तर माकडाचे एकही हाड नव्हते. हे लुटुपुटीचे नव्हे. पाहणाऱ्याला ते खरे वाटावे आणि त्याने पैसे द्यावेत, हाच त्यातला हेतू होता. गंमत अशी की त्याच १८४२ साली रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने काही प्रचंड नामशेष सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी "डायनोसॉर" हा गट छापून जाहीर केला. शिवून तयार केलेली जलपरी पाहायला त्या वर्षी रांगा लागल्या होत्या, आणि खऱ्या राक्षसी प्राण्यांना तेव्हा कुठे नाव मिळत होते.

थोरला आता आठ वर्षांचा आहे आणि डायनोसॉरच्या बाबतीत तो तुला आणि मला दोघांनाही शिकवील, तेव्हा त्याच्यासाठी चौथा कप्पा राखून ठेव: चुकलेले. गिडियन मॅन्टेल नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८२५ मध्ये दातांवरून इग्वानोडॉन या डायनोसॉरचे वर्णन केले. पुढे त्याच्या हाती अशाच प्राण्याची आणखी हाडे आली आणि त्यांत शंकूच्या आकाराचा एक टोकदार तुकडा होता. तो मॅन्टेलने प्राण्याच्या नाकावर बसवला, गेंड्यासारखा. १८५४ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत इग्वानोडॉनचे भव्य पुतळे उभे राहिले, तेही नाकावर शिंग घेऊनच, आणि ते आजही तिथे आहेत. १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बर्निसार गावच्या कोळशाच्या खाणीत या प्राण्याचे अनेक सांगाडे जवळजवळ अखंड सापडले, तेव्हा उलगडा झाला की ते शिंग नव्हतेच. तो पुढच्या पायाचा अंगठा होता. समुद्रातला दात घोड्याच्या कपाळावर गेला आणि डायनोसॉरचा अंगठा त्याच्या नाकावर गेला, या दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत, फक्त दुसरी शास्त्रज्ञांनी केली. हे थोरल्याला सांगशील तेव्हा हलक्या आवाजात सांग, कारण डायनोसॉरवाल्यांचा अपमान त्याला सहन होत नाही.

याच्या नेमके उलटही घडले आहे. प्लॅटिपसचे कातडे ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला पोहोचले आणि ब्रिटिश म्युझियममधल्या जॉर्ज शॉने १७९९ मध्ये त्याचे वर्णन लिहिले, तेव्हा चतुष्पादाच्या डोक्याला बदकाची चोच कोणी चिकटवली तर नाही ना, असा संशय त्याने त्या वर्णनातच मांडला होता. त्याचा संशय रास्त होता. तुमच्या संग्रहालयात प्लॅटिपसचा नमुना असेल तर मुलांना आधी तो दाखव आणि मग जलपरीचे चित्र दाखव, आणि यातले कोणते शिवलेले वाटते ते विचार. दोघेही बहुतेक चुकतील. तूही लहानपणी चुकला असतास.

एका बाबतीत सावध राहा. अशा रात्री माहिती सांगणारी मंडळी उत्साहात असतात आणि गोष्टीला शास्त्राची जोड दिली की ती अधिक रंगते. ग्रिफिन हा गरुडाच्या तोंडाचा आणि सिंहाच्या धडाचा प्राणी. तो गोबीच्या वाळवंटातल्या प्रोटोसेरॅटॉप्स या चोचीच्या चतुष्पाद डायनोसॉरच्या, सोने शोधत फिरणाऱ्यांना दिसलेल्या हाडांवरून सुचला असावा, अशी कल्पना एड्रियन मेयर या अमेरिकन अभ्यासिकेने मांडली आणि ती जगभर पसरली. मलाही ती इतकी आवडली की मी वर्गात कित्येक वर्षे सांगितली. पण २०२४ मध्ये मार्क विटन आणि रिचर्ड हिंग या अभ्यासकांनी ती तपासली, तेव्हा ती टिकण्यासारखी आढळली नाही: ही हाडे जिथे सापडतात तिथून प्राचीन सोन्याच्या खाणी शेकडो किलोमीटर दूर आहेत, खडकात अडकलेला सांगाडा वाटसरूला सहजी दिसत नाही, आणि ग्रिफिनची चित्रे ग्रीकांच्या कानावर तिकडच्या गोष्टी येण्याआधी कितीतरी शतके इजिप्त आणि पश्चिम आशियात काढली जात होती. ग्रीक कथांतल्या एकडोळ्या राक्षसाविषयीही असेच सांगितले जाते. सिसिलीतल्या गुहांमध्ये बुटक्या हत्तींच्या कवट्या सापडतात, त्यांच्या मधोमध सोंडेच्या जागी एकच मोठे भोक असते, आणि त्यालाच लोकांनी डोळा मानले असावे, असा तर्क ओथेनियो आबेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९१४ मध्ये केला. तर्क मोठा चतुर आहे, पण प्राचीन काळच्या कोणी तसे लिहून ठेवलेले नाही. म्हणून तिथे कोणी "ग्रिफिन म्हणजे खरे तर डायनोसॉर" असे ठासून सांगितले, तर थोरल्याच्या कानात एवढेच सांग की हे एका बाईंचे म्हणणे आहे आणि ते खरे की नाही हे कसे तपासता येईल, याचा विचार घरी येईपर्यंत करायचा आहे.

हाडावरून ड्रॅगन झाल्याचा पुरावा हवाच असेल तर तो ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्ट गावात आहे. तिथे चौदाव्या शतकात सापडलेली म्हणून सांगितली जाणारी एक कवटी ड्रॅगनची समजून जपली गेली आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस चौकातल्या कारंज्यावर ड्रॅगनचा पुतळा घडवताना त्याचे डोके तिच्यावरून घेतले गेले. कवटी हिमयुगातल्या केसाळ गेंड्याची निघाली. एकशिंगीमागेही गेंडा आणि ड्रॅगनमागेही गेंडाच, म्हणजे या प्राण्याने कल्पनेच्या राज्याची फार सेवा केली आहे.

छोटी तुला सरळच विचारील, "बाबा, ड्रॅगन खरे असतात?" त्या वेळी "तुला काय वाटते?" असा उलट प्रश्न एकदा विचारायला हरकत नाही, पण तिने दुसऱ्यांदा विचारले तर टाळू नकोस. आगीचा फूत्कार टाकणारा ड्रॅगन कुठेही नाही, असे स्पष्ट सांग. मात्र तिथेच थांबू नकोस, जशी मी थांबले. तिला सांग की तीन मीटरपर्यंत वाढणारा कोमोडोचा सरडा आहे, ज्याला शास्त्रीय नाव १९१२ मध्ये मिळाले. आणि फासळ्यांवर ताणलेल्या कातडीचे पंख उघडून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जाणारा टीचभर सरडा आहे, ज्याचे शास्त्रीय नावच ड्रॅको आहे. थोरल्याच्या पंखांविषयी तिला वाटणारा हेवा त्यामुळे थोडा कमी होईल.

बाकी व्यवहाराचे थोडक्यात सांगते. मंद प्रकाशात मुखवटे घातलेली माणसे लहान मुलांना अंगावर येतात, म्हणून दिवे पूर्ण असतानाच, शक्य तितक्या लवकर पोहोचा आणि वेषधारी मंडळी मुखवटा चढवताना छोटीला दिसली तर फारच उत्तम. आम्ही गेलो होतो तिथे फोमच्या ड्रॅगनबरोबर छायाचित्र काढून घेण्यासाठी एवढी रांग लागली होती की तिच्यामागे जीवाश्मांची सगळी कपाटे झाकली गेली. तसे काही असेल तर रांगेत उभे राहू नका, मागच्या बाजूने कपाटांकडे जा. सगळी दालने पाहण्याचा हट्ट धरू नकोस. तीन-चार वस्तूंपाशी रेंगाळा आणि पेंग येण्याआधी निघा. आणि प्रत्येक वस्तूपाशी फलक मोठ्याने वाचून दाखवण्याची माझी खोड तुझ्यात उतरली असेल, तर ती त्या रात्रीपुरती घरी ठेव. आधी त्यांना पाहू दे, आणि त्यांनी विचारले की मग वाच.

अशा कार्यक्रमात बहुतेक वेळा एका कोपऱ्यात मेज मांडलेले असते आणि मुलांनी आपापला प्राणी काढायचा असतो. तिथे घाई करू नका, रात्रीतला सर्वात चांगला वेळ तोच असतो. नार्व्हालपाशी तुझा तो प्रश्न झाल्यावर आपणही अशाच मेजापाशी बसलो होतो. तू चार पायांचा, खवल्यांचा, बराचसा घोड्यासारखा प्राणी काढलास आणि त्याचे पीळदार शिंग शेपटीच्या टोकाला लावलेस. मी विचारले की ते तिथे कसे, तर तू म्हणालास, "अजून कोणाला माहीत नाही ते कुठलं आहे." तो कागद मी जपून ठेवला होता, तो या पत्रासोबत पाठवते आहे. शनिवारी मुलांना निघण्यापूर्वी दाखवू नकोस, नाहीतर दोघेही शिंग शेपटीलाच काढतील. परत आल्यावर दाखव, आणि छोटीने तिचे शिंग कुठे लावले ते मला कळव.

सर्वांस आशीर्वाद.

तुझी,
आई